हेडफोन काढल्यानंतरची दहा मिनिटं

तिच्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. काचेची ती खोली जेमतेम दोघांपुरती. दोन खुर्च्या, दोन माइक, पाण्याचा एक जग. खाली सभागृहात आपली माणसं बोलत आणि ती वर बसून त्यांचं बोलणं त्याच क्षणी पाहुण्यांच्या भाषेत सांगत असे. जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून तीन महिन्यांसाठी हे महाशय आले होते.

"ही माझी खुर्ची," ती म्हणाली.

"असं? नाव दिसलं नाही कुठं." तो उठला. "गरम मात्र करून ठेवलीय."

अर्धा तास तिनं बोलायचं, अर्धा तास त्यानं. एक बोलत असताना दुसऱ्यानं आकडे चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचे. त्याच्या चिठ्ठीवर 'सदतीस हजार टन' आणि खाली बारीक अक्षरात 'आज डबा काय?' असायचं. मंत्र्यांच्या भाषणात हसू दाबणं म्हणजे काय शिक्षा असते, ते तिला तेव्हा कळलं.

काम संपलं की दहा मिनिटं तिला घरची भाषा सुचायची नाही. आई वैतागायची, "ऑफिसातून फोन करूच नकोस बाई. विहिणीशी बोलल्यासारखी बोलतेस."

त्याला हे सांगितलं, तर त्यानं विचारलं, "पण घरचीच भाषा का रुसते?"

"दिवसभर तिलाच तोंडावर बोट ठेवून बसवते ना. जी सारखी ओठांवर येते, तिलाच जास्त दाबावं लागतं... मग ती परतते, पण उशिरा."

तो चिठ्ठीवर काहीतरी गिरवत राहिला.

शेवटच्या दिवशी शेवटचा अर्धा तास तिचा होता. तिनं हेडफोन काढले आणि तो एका दमात म्हणाला, "सहाची गाडी आहे. तुम्ही म्हणालात तर तिकीट रद्द करतो. तुम्ही मला आवडता. शेजारची खुर्ची मला कायमची हवी आहे."

तिचा ऊर नुसता भरून आला. आणि तोंडातून, पाहुण्यांच्या गुळगुळीत भाषेत, शंभरदा म्हटलेलं वाक्य बाहेर पडलं — "विचारल्याबद्दल मी आपली मनःपूर्वक आभारी आहे."

त्याचा चेहरा उतरला. "कळलं," म्हणून त्यानं बॅग उचलली आणि तो गेला.

तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. हा माणूस गेला तर ती खुर्ची रिकामी राहणार नव्हती, जोडीदारीण रजेवरून परतणारच होती; पण शेजारी आता दुसरं कुणी नको होतं. हाताशी एकही शब्द नसताना ती जिना उतरत धावली.

खाली बाकावर तो बसला होता. मांडीवर बॅग, नजर घड्याळावर.

"गाडी...?" एवढंच तिला जमलं.

"बसा. तुमच्या दहातली अजून चार मिनिटं आहेत." तो ओशाळून हसला. "जिन्यात डोक्यात उजेड पडला. याच धंद्यातला मी, आणि हेडफोन काढल्या काढल्या विचारतोय."

ती बसली. त्यानं शब्द सुचवले नाहीत, घाई केली नाही. तिच्यासाठी असं गप्प बसून आजवर कुणी थांबलं नव्हतं.

"तिकीट रद्द कर," ती अखेर म्हणाली. घरच्या भाषेत, घरच्यासारखं. "आणि चिठ्ठ्या बंद करू नकोस. मी सगळ्या जपून ठेवल्यात."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "आणि ते... मनःपूर्वक आभार?"

"आभार परक्यांचे मानतात," ती म्हणाली.