हौदवाडीचं पाणी कुणी नेलं?

यंदाच्या सुट्टीत तनुजाला ना लेणी बघायची होती, ना मकबरा. तिला दोन माणसं बघायची होती. पाचोडच्या बाजारात कांद्याच्या ढिगामागे बसून तिचे वडील त्यांच्या गोष्टी सांगायचे आणि ही आ वासून ऐकायची. एक अभयशेठ. पत्र्याच्या शेडमध्ये एका लेथ मशिनवर सुरुवात केली आणि आज आठशे माणसांना काम देणारा कारखाना उभा केला. दुसऱ्या विशाखाताई. मोंढ्यात पोती शिवणाऱ्या बाईची लेक, आता तिसऱ्यांदा निवडून आलेली नगरसेविका. या दोघांनी मनावर घेतलं की शहरात रस्ता होतो, दवाखाना उघडतो, असं वडील सांगायचे. सातवीतल्या तनुजाला वाटायचं, अशी माणसं चालतात तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन जरा दबतच असेल.

शहरातल्या हौदवाडीत मावशीकडे पोचल्या पोचल्या दोघंही दिसली, पण फ्लेक्सवर. ‘स्वागत चौकातील भव्य कारंज्याचे उद्घाटन, रविवारी सकाळी दहा वाजता,’ आणि खाली बारीक अक्षरांत, ‘अकरा वाजता जुना हौद बुजवून पार्किंगचा शुभारंभ.’ तनुजानं फ्लेक्सला मनोमन नमस्कार केला. बारीक अक्षरं तिनं वाचली, पण सोडून दिली.

ती आठवली शनिवारी सकाळी, हौदाकाठी दगडाबाईंना बघून. दगडाबाईंची तिथे रोपवाटिका होती. मोगरा, कढीपत्ता, कागदी लिंबू, अशी चारशे रोपं काळ्या पिशव्यांतून माना टाकून उभी होती. उन्हाळा मी म्हणत होता आणि हौदाचा तळ उघडा पडला होता. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, हे तनुजाला ठाऊक होतं. पण हा हौद नळाचा नव्हता. डोंगरापासून जमिनीखालून आलेली चारशे वर्षांची नहर तो भरायची. ना मोटार, ना बिल.

“नळ रुसायचा गं, पर ह्यो हौद कधी रुसला नाय,” दगडाबाई म्हणाल्या. “आता समदे म्हणतात, नहर म्हातारी झाली, मेली. उद्या बुजवणार. माझी रोपं कुठं न्यावी म्या?”

“पाणी हळूहळू कमी झालं का?” तनुजानं विचारलं.

“नाय. आकितीच्या सकाळी पितरांच्या घागरी भरल्या हितूनच. दिस मावळताना बघते, तर खडखडाट.”

तनुजा जागीच थबकली. आकिती म्हणजे अक्षय्य तृतीया, जेमतेम तीन आठवड्यांपूर्वीची. शेतातला पाट ती लहानपणापासून बघत होती. पाट आटतो तेव्हा आधी धार बारीक होते, मग थेंबावर येते. एका दिवसात थांबला, तर वर कुणीतरी फोडलेला असतो. तिनं हे मावसभाऊ सत्यमला आणि त्याचा जिवलग दोस्त धम्मपालला सांगितलं. सत्यमनं आधी कपाळाला हात लावला.

“अगं, इंजिनियर बघून गेले ना. ते येडे आणि तू शहाणी?”

“इंजिनियर कुठवर गेले होते?”

“हौदापर्यंत,” धम्मपाल म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते कसंसं वाटलं.

मग काय, तिघंही नहरीच्या माथ्याकडे निघाले. वरच्या बाजूला, मोठ्या कडुलिंबाशेजारी, विटांचा उंच बंब उभा होता. नहरीला हवा मिळावी म्हणून जुन्या लोकांनी बांधलेला, एखाद्या धुराड्यासारखा. सत्यम रोज त्याला टेकून क्रिकेटचा स्कोअर मोजायचा, पण आत काय आहे हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पायथ्याशी हातभर झरोका होता. तनुजानं त्यात डोकं घातलं.

गार वारा तोंडावर आला. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि आत जणू माठाचं तोंड उघडलेलं. डोळे सरावले तेव्हा खाली तिला दिसलं, काळंभोर पाणी, आणि ते चालत होतं. घाई नाही, थांबणं नाही. वरून राजे गेले, निजाम गेला, रिक्षा आल्या, फ्लेक्स लागले, आणि खाली हे आपलं चालतच राहिलं होतं. बाकीच्या दोघांनीही पाळीपाळीनं डोकं घातलं. सत्यमनं तर दोनदा घातलं, यावरून काय ते समजा.

“मेली नाहीये,” धम्मपाल कुजबुजला.

तनुजानं शेजारच्या गोठ्यातून मूठभर भुसा आणला आणि आत सोडला. भुसा झरझर हौदाच्या दिशेनं गेला. म्हणजे पाणी बंबापर्यंत येत होतं आणि हौदापर्यंत पोचत नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये काय होतं? तिघंही चालत गेले आणि जिथे येऊन थांबले, तिथे झगमगत्या स्टीलचं भलंमोठं चक्र उभं होतं, अभयशेठांच्या कारखान्यात घडवलेलं. त्याच्याभोवती नवंकोरं कारंजं होतं. स्वागत चौक!

धम्मपालचा चेहरा उतरला. विशाखाताई त्याची सख्खी आत्या. भूमिपूजनाची गोष्ट त्यानं तिच्या भाषणात दहादा ऐकली होती. नारळ फुटला, पहिली कुदळ बसली, दुपारपर्यंत खड्डा खोल गेला आणि आत पाणीच पाणी! लोकांनी त्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. एवढ्या शुभ मुहूर्तावर झरा लागला म्हटल्यावर, तो आला कुठून, हे विचारायचं कुणाला सुचणार? त्याच पाण्यावर कारंजं करायचं ठरलं. तनुजानं कोनशिलेवरची धूळ पुसली. मुहूर्त कोरलेला होता, अक्षय्य तृतीया.

कारंज्याच्या मागच्या लोखंडी जाळीतून त्यांनी खाली पाहिलं. पाणी साठावं म्हणून हौदाकडच्या बाजूला सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या.

ठेकेदाराला सांगायला गेले, तर तो म्हणाला, सुट्टी लागली की पोरांच्या डोक्यात भुसा भरतो. ताईंच्या कार्यालयात इतकी गर्दी होती की आत पाऊल ठेवायची सोय नव्हती. धम्मपालनं आत्याला चार फोन केले, चारही कार्यकर्त्यानं उचलले. उद्या अकरा वाजता जेसीबी हौदावर येणार होता.

“सांगून कळणार नाही,” तनुजा म्हणाली. “दाखवावं लागेल.”

मावशीनं गेल्याच आठवड्यात वर्षाची हळद दळून आणली होती. तीन किलो. सत्यमनं डबा उचलायच्या आधी दोनदा दाराबाहेर डोकावून पाहिलं, कारण जेसीबीपेक्षा त्याला आईची भीती जास्त होती.

रविवारी बंबाशी तो बादलीत हळद कालवून बसला. धम्मपाल मधल्या गच्चीवर लाल गमछा घेऊन उभा राहिला. आणि तनुजा चौकात, गर्दीच्या अगदी पुढे. तिथे ती दोघं खरोखरची उभी होती! विशाखाताईंच्या एका नजरेनं दोनशे माणसं गप्प बसत होती. अभयशेठांना बघून म्हातारे कामगार खुर्चीवरून उठत होते. भाषणं संपत आली, तशी तनुजानं ओढणी हलवली. गच्चीवर गमछा हलला, तिकडे सत्यमनं बादली बंबात ओतली.

शेठनी बटण दाबलं. पांढरंशुभ्र पाणी उसळलं, टाळ्या कडाडल्या. मिनिट गेलं, दोन गेली. तनुजाला वाटलं, फसलं सगळं. आणि मग पाणी फिकट झालं, पिवळसर झालं, आणि बघता बघता भंडाऱ्यासारखं पिवळंजर्द कारंजं आभाळात उडालं.

मागून कुणीतरी “येळकोट येळकोट!” अशी आरोळी ठोकली. एका आजोबांनी हात जोडले. ठेकेदारानं माईकवरून सांगून टाकलं की ही खास रोषणाई आहे. दुसरा नारळ फुटायच्या बेतात होता. आता बोललं नाही तर उशीर होईल, हे तनुजाला कळलं. ती पुढे गेली.

“ताई, हा चमत्कार नाही. ही माझ्या मावशीची हळद आहे.”

मग तिनं सगळं सांगितलं. आकितीच्या घागरी, बंबातला भुसा, कोनशिलेवरचा मुहूर्त, जाळीखालच्या गोण्या. ठेकेदार मध्ये बोलू लागला, तसा ताईंनी नुसता हात वर केला. अभयशेठनी पाण्यात बोट बुडवून वास घेतला. मग घड्याळ काढून ताईंच्या हाती दिलं, बाह्या दुमडल्या, जाळी उचलायला लावली आणि पांढऱ्या शर्टासकट स्वतः खाली उतरले. लेथवर काम केलेला माणूस तो. वर आले तेव्हा पिवळे झाले होते आणि हातात खापराचा एक जाड तुकडा होता.

“ताई, नहरच फोडलीय आपण,” ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. “चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी पंपाशिवाय हे पाणी इथवर आणलं. उतार कसा काढला असेल, मला आजही जमायचा नाही. आणि मी तिच्या छातीवर माझं चक्र उभं केलं.”

विशाखाताई माईकसमोर गेल्या. आता त्या ठेकेदारावर ढकलतील, असं गच्चीवरून धावत आलेल्या धम्मपालला वाटलं होतं.

“पाणी लागलं तेव्हा मी पेढे वाटले, चौकशी केली नाही,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे. हौद बुजणार नाही. पंप बंद करा, गोण्या काढा.”

एवढंच बोलल्या. पण त्या शब्दांसरशी चौक हलला. शेठचे कामगार खाली उतरले, हातोहात गोण्या वर आल्या. फुटलेली नहर विटा-चुन्यानं पूर्ववत बांधून द्यायचं शेठनी तिथेच कबूल केलं. आणि सगळी गर्दी हौदाकडे निघाली.

हौदावर जेसीबी आधीच येऊन उभा होता. दगडाबाई त्याच्यासमोर रोपांच्या मधोमध मांडी घालून बसलेल्या. लोक काठावर जमले, बंबाकडून पळत आलेल्या सत्यमसकट पोरं भिंतीवर चढली. भोकातून आधी गार वारा आला, मग खळखळ ऐकू आली, आणि पिवळ्या पाण्याची जाड धार हौदात कोसळली.

दगडाबाईंनी ओंजळ भरली आणि ओलं बोट तनुजाच्या कपाळाला टेकवलं.

“चारशे वर्सांच्या नवरीला हळद लावलीस, पोरी.”

विशाखाताईंनी चपला काढल्या, झारी भरली आणि मोगऱ्याच्या रोपांना पाणी घालू लागल्या. जाताना त्यांनी तनुजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, पाचोडला कुणाची गं तू? तिनं वडिलांचं नाव सांगितलं. बाजारात कांदे विकतात, हेही सांगितलं. आता वडिलांना गोष्ट सांगायची पाळी तिची होती.

ताई गेल्यावर तनुजानं खाली पाहिलं. जमीन कुठे दबलेली नव्हती. धुळीत ओल्या पावलांचे ठसे होते, साधेच, मावशीच्या पावलांएवढे. ती त्यांच्याकडे बघतच राहिली, आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून मावशीची हाक आली, हळदीचा डबा कुणी नेला म्हणून. सत्यम तोवर भिंत ओलांडून पसार झाला होता.