थेंबांची वाट

नगरला सावेडीत तेव्हा आजच्यासारखे फ्लॅट नव्हते, पोरांनो. मोजके बंगले आणि बाकी सगळ्या बाभळी. रात्री त्या रस्त्यानं सायकल न्यायची तर भले भले मोठ्यानं गाणी म्हणायचे. आमचा गहिनीनाथ मात्र गाणं म्हणणाऱ्यातला नव्हता. भिंगारला आमच्या आळीत राहायचा, मोटारींची कामं करायचा. हसू नका रे, त्याच्या तोंडून ऐकलं तसंच सांगतोय.

साल त्र्याहत्तर, भोगीचा दिवस. दुष्काळानं रस्त्यांची नुसती धूळ झालेली. दुपारी गहिनीनाथला सावेडीच्या बंगल्यातल्या सुमेधाबाईंचा निरोप आला, गाडी तेल गाळतेय, येऊन बघा. तो लगेच निघाला. सणाच्या दिवशी घरी वाट बघणारं होतं कोण? बायको रंगुबाई आषाढात शेवगावला माहेरी गेली आणि तिथंच काविळीनं वारली. हातातलं काम सोडवेना, म्हणून हा वेळेवर पोचला नाही. मग माळीवाड्यातली दोघांची खोली त्याला खायला उठायची, म्हणून ती सोडून तो भिंगारला आला. इथं आल्यावर त्याच्या जिवाला वेगळाच घोर लागला. हे घर रंगुबाईनं पाहिलेलंच नव्हतं.

बाईंची गाडी म्हणजे चीज होती. दोघांपुरती, टप नसलेली, जमिनीला चिकटून पळणारी. कुणी गोरा साहेब देश सोडताना विकून गेलेला. बाईंचे यजमान रविकांत वकील ती हौसेनं उडवायचे. आदल्या वर्षी त्या सावेडीच्याच रस्त्याच्या वळणावर त्यांच्या छातीत कळ आली. गाडी कशीबशी कडेला लावली आणि तिथंच बाभळीखाली वारले. तेव्हापासून बाई रोज संध्याकाळी एकट्या गाडी काढायच्या, वळणापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. लोक नावं ठेवायचे. बाई शेजारच्या रिकाम्या जागेवर साधी पिशवीसुद्धा ठेवत नसत.

गहिनीनाथनं इंजिन रॉकेलनं धुतलं, कोरडं केलं, वर खडूची पूड उधळली आणि चालू करून समोर उकिडवा बसला. पांढऱ्यावर तेल लपत नाही. वरच्या झाकणाचं पॅकिंग वाळून गेलं होतं, ते त्यानं कॉर्कच्या तक्त्यातून कात्रीनं नवं कापून बसवलं. खाली तेलाच्या चेंबरच्या नटाचा तांब्याचा वायसर चेपला होता. जुनं तेल डब्यात काढून वायसर बदलला, नवं तेल भरलं. बाई वळणापर्यंत फेरी मारून आल्या. गाडीखाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर एक ठिपका पडला नाही. गडी खूश झाला.

बाईंनी आग्रहानं तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी वाढली. रंगुबाईनंतर पहिल्यांदाच कुणी त्याला सणाचं वाढत होतं. समोर भिंतीवर वकिलांचा फोटो होता, कोट, टाय, गाडीला टेकून उभे. निघायला अंधार पडला. जुनं तेल बैलगाडीच्या आसाला चालतं, म्हणून त्यानं तो डबा सायकलला अडकवला.

वळणावर बाभळीखाली कुणीतरी वाकून रस्ता बघत होतं. काडी ओढायचं. ती विझायची. पुन्हा ओढायचं.

गहिनीनाथ सायकलवरून उतरला.

“काय हरवलं, सायेब?”

“थेंब.”

“कसलं?”

“तेलाचे. रोज असतात. त्यांच्यामागून घरी जातो मी.” वाकून त्यानं धूळ चाचपली. “आज नाहीत...”

काडी पेटली. कोट दिसला. टाय दिसला. मग चेहरा.

मघाचाच. भिंतीवरचा.

गहिनीनाथला वाटलं, पळावं, पण पळवेना. त्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. जत्रेत चुकलेल्या पोरासारखा आवाज होता. आणि वाट बंद केली होती ती यानंच, चांगलं काम केलं म्हणून खूश होऊन.

त्यानं डबा सोडवला. तिरका धरला.

एक थेंब.

सायकल वळवून तो बंगल्याकडे चालू लागला. थेंब... चार पावलं... थेंब. मागं बुटांचा आवाज. हा थांबला की तोही थांबायचा. मागं बघितलं नाही.

फाटक आलं. हा बाजूला झाला. गार वारा अंगावरून आत गेला. खिडकीत दिवा होता. आतून बाईंचा आवाज आला, अगदी हळू.

“आज उशीर केलात...”

दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन गहिनीनाथनं तो नट थोडा सैल केला. बाईंना म्हणाला, “जुनी गाडी हाय, थोडं गळायचंच.” बाईंनी गाडीखालचं वर्तमानपत्र उचलून घेतलं. पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या रात्री तो भिंगारच्या नाक्यावर पोचला तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शेवगावहून येणारी एस.टी. तिथंच थांबते. तो उभा राहिला. डबा हलवून पाहिला. तळाशी थोडं होतं.

“रंगू,” तो म्हणाला, “आपलं घर हिकडं हाय आता.”

थेंब... चार पावलं... थेंब. नाक्यापासून स्वतःच्या दारापर्यंत. शेवटचा थेंब पायरीवर पाडला आणि दाराला कडी न लावता आडवा झाला. डोळा लागला नाही. काही वाजलं नाही. कुणी आलं नाही.

सकाळी तो बराच वेळ बाहेर आला नाही, म्हणून आम्ही बघायला गेलो. दगडी उंबऱ्यावर तेलाचं एक पाऊल होतं. लहानसं, बाईमाणसाचं, बोटाशी जोडव्याचा ठसा उठलेलं. बोटं घराच्या आत वळलेली.

बाहेर जाणारं पाऊल आम्ही पार नाक्यापर्यंत शोधलं. नव्हतं.