अण्णांचा स्वेटर

दिवा जरा जवळ घे आणि ऐक. सुरुवात अगदी साधी आहे.

माझं लाँड्रीचं दुकान तुला ठाऊकच आहे. मागच्या खोल्यांत मी आणि माझे वडील, अण्णा, दोघंच राहायचो. ते गेले आणि घर मला खायला उठलं. म्हणून शेल्टरमधलं एखादं मांजर थोडे दिवस सांभाळायला आणावं असं ठरवलं.

तिथल्या बाईंनी एक करडी मांजरी दाखवली. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. कुणाची चाहूल लागली की थरथरायची. ताटलीतलं सगळं वाळून गेलं होतं.

"अशीच उपाशी राहिली तर हाती लागायची नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा एखादा वापरलेला कपडा आणून द्या. न धुतलेला हं! पिंजऱ्यात ठेवू. वासाची ओळख झाली की मग घरी न्या."

आता लाँड्रीवालीच्या घरात न धुतलेला कपडा! मी तर अंगातला उतरवला की बादलीत टाकते. सगळं घर पालथं घातलं, तेव्हा सुतारकामाच्या खोलीत खुंटीवर अण्णांचा स्वेटर दिसला. ते गेल्यापासून मी त्या खोलीकडे फिरकले नव्हते. स्वेटरला लाकडाच्या भुशाचा आणि फळ्या चिकटवायच्या सरसाचा वास होता. म्हटलं, मांजरीला काय कळतंय कुणाचा ते? दिला नेऊन.

तिनं त्यात तोंड खुपसलं आणि दुसऱ्याच दिवशी खायला लागली. बाई खूश, मीही खूश.

घरी आणली तर टोपलीतून उतरून, माझ्याकडे ढुंकूनही न बघता, थेट सुतारकामाच्या खोलीत गेली. जेवायची तिथेच, झोपायची तिथेच. भर दुपारी मी इस्त्री फिरवत असले की आतून तिची घुरघुर ऐकू यायची. मांजर एकटं असताना इतकं सुखानं कशाला घुरघुरेल, असं मनात आलं, म्हणून एकदा दार हळूच लोटलं.

अण्णांच्या स्टुलाला खेटून ती उभी होती. डोळे मिटलेले, शेपटी ताठ. आणि तिच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश दबत होते... पुन्हा उभे राहत होते... पुन्हा दबत होते. तीन रेघांत.

करवतीनं अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती. अंगठा धरून तीनच उरली होती.

खरं सांगू? भीतीच्या बरोबरीनं हेवाही वाटला. अण्णा म्हणजे जमदग्नी. तो हात मी कायम उगारलेलाच पाहिला. लहानपणी शाळेत जाताना गालावर तीन बोटांचे वळ घेऊन जायचे मी. एकदा तरी तो माझ्या डोक्यावरून फिरावा म्हणून किती वाट पाहिली! आणि आता फिरत होता कुणावर, तर एका परक्या मांजरीवर.

"अण्णा...?" माझ्या तोंडून निघून गेलं.

रेघा थांबल्या. कुणी बसल्याजागी वळावं तसं स्टूल करकरलं. मी दार ओढून घेतलं.

स्वेटर धुऊन टाकावा म्हणून बादली भरली. पण तिनं पुन्हा अन्न सोडलं तर? तिचा जीव त्या वासात अडकला होता. माझ्या भीतीपायी तिला मारणं जमेना. पुढे एक शिक्षिका तिला कायमची न्यायला आल्या, तेव्हा स्वेटर तसाच घडी करून दिला. मनात म्हटलं, जा अण्णा, तुम्हीही जा. तुमचं दोघांचं जमलंय.

आज दुपारी शिक्षिकाबाईंचा फोन आला.

"छान खाते हो! मुलांच्यात लोळते नुसती. स्वेटरला मात्र हुंगतसुद्धा नाही. तुम्ही सरसाचा वास म्हणाला होतात ना? त्याला कसलाच वास नाही. परत पाठवू का?"

"नको," मी म्हटलं.

ती सुखरूप आहे म्हणून बरं वाटलं. संध्याकाळी केसांना तेल लावून आरशासमोर बसले, आणि सरसाचा वास आला. मग डोक्यावर काहीतरी टेकलं. जड. मी लहानपणी मिटायचे तसे डोळे मिटून घेतले. ते सावकाश खाली सरकलं... पुन्हा वर आलं... मग मानेशी येऊन थांबलं. कुरवाळायला आलंय की धरायला, कळेना. मी श्वास रोखून बसले. तेवढ्यात तू दार वाजवलंस.

केस मी अजून विंचरलेले नाहीत. मागचं मला आरशात दिसत नाही. आणि मान वळवायला अजून जमत नाहीये... तू दिवा उचल, मागून ये आणि बघून सांग. तीनच रेघा आहेत ना?