एक मूठ जास्त

दुपारच्या निवांत घरात ‘टुप्’ असा आवाज झाला. खिडकीतल्या बाटलीचं झाकण उडून ओट्याखाली घरंगळत गेलं.

बाटली पालवीची होती. काल तिने तलावाचं हिरवं पाणी त्यात भरून उन्हात ठेवलं होतं. तिची आई रेवती टेबलाशी कपाळाला हात लावून बसली होती. तिने मान वर केली.

साल होतं २०६८. भंडाऱ्याकडच्या त्या गावात चौसष्ट घरांची मच्छीमार संस्था होती आणि रेवती तिची अध्यक्ष. चार दिवस रोज पहाटे मासे मरून काठाला लागत होते. तलावात उभा असलेला यंत्रबगळा मात्र रोज पाणी मोजून ‘पाणी उत्तम’ एवढंच सांगे. मग सगळ्यांचं बोट यमुनाबाईंकडे वळलं. त्या काठावरच्या शेडमध्ये पळसफुलांचा रंग करत; त्या रंगाचं पाणी तलावात जात असेल, असा संशय. त्यांना तिथून उठवायचा ठराव उद्याच्या सभेत यायचा होता.

रेवती आधी रसायनशास्त्र शिकली, मग जीवशास्त्र, मग हवामान केंद्रात नोकरी. म्हाताऱ्या धोंडबाजींनी सकाळीच तिला ऐकवलं होतं, “सगळ्या हंड्यांतली एकेक पळी चाखलीस बाई, जेवलीस कुठे?”

पालवीने विचारलं, झाकण कोणी उडवलं? रेवतीने बाटली उजेडात धरली. आत बारीक बुडबुडे चढत होते. तिने सांगितलं, पाणी हिरवं दिसतं ते शैवालामुळे (पाण्यातल्या अगदी सूक्ष्म वनस्पती). उन्हात त्या अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. तोच वायू कोंडला, उन्हाने तापून फुगला आणि झाकण उडालं.

“आणि अंधारात?”

“अंधारात त्या प्राणवायू सोडत नाहीत. आपल्यासारखा नुसता घेतात.” बोलता बोलता रेवती थांबली. मग चपला घालून तलावाकडे निघाली. पालवी मागोमाग.

“तू पाणी केव्हा मोजतोस?” रेवतीने बगळ्याला विचारलं.

“ऊन डोक्यावर आलं की. तेव्हा बॅटरी भरलेली असते.”

“आणि पहाटे?”

“पहाटेचं कोणी विचारलं नाही.”

तिने त्याला सूर्य उगवायच्या आधी मोजायला सांगितलं. पण एवढं शैवाल वाढलं कशावर? हे काही बगळा सांगू शकत नव्हता. ती संध्याकाळभर घरोघर फिरली. माशांना कोंडा घालायची पाळी रोज एका घराची असे. टोपली ठरलेली. पण आपल्या पाळीला मासे उपाशी राहिले असं कोणी म्हणू नये, म्हणून जो तो वर एखादी मूठ टाके. मासे खातील तेवढं खात, उरलेलं तळाशी कुजे. शैवालाला आयतं खत.

पहाटे बगळ्याने आकडा सांगितला. दुपारी लिटरभर पाण्यात आठ मिलिग्रॅम असणारा प्राणवायू आता एकच उरला होता. पाण्यात विरघळलेला हाच वायू मासे कल्ल्यांनी ओढून घेतात. तो संपला की ते गुदमरतात.

सभेत रेवतीने ती बाटली टेबलावर ठेवली. दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले. कोणाचं नाव मात्र घेतलं नाही. हवामान केंद्रात असताना ती गावोगाव वादळाचे इशारे सांगत फिरली होती. ज्याच्यावर खेकसलं, तो कधीच ऐकत नाही, हे तिथे कळलं होतं.

“माझ्या पाळीला मी दोन मुठी जास्त टाकल्या होत्या,” ती म्हणाली.

कोणीतरी खाकरलं. एक बाई म्हणाली, माझी एक. मग आणखी कोणी. धोंडबाजी उठून उभे राहिले.

“माझ्या तीन धर,” ते म्हणाले. “आणि बाई, ते पळ्यांचं बोललो होतो, ते सोडून दे.”

ठराव आलाच नाही. आठ दिवस कोंडा बंद, पहाटे पाण्यात हवा सोडणारा पंप आणि बगळ्याची रोज दोनदा मोजणी, एवढं ठरलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तलाव सावरेल, असा रेवतीचा हिशेब होता.

मागच्या रांगेतून यमुनाबाई उठल्या आणि कोणाशी न बोलता निघून गेल्या. पालवी त्यांच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे बघत राहिली.  घरी येताच दारात तिने आईचा हात ओढला.

“आई, चार दिवस त्यांच्याशी कोणीच बोललं नाही. आपणही नाही. सगळ्यांचीच एकेक मूठ असेल, तर त्यांची माफी मागायला कोणी जायचं?”