शीतगृहाचं उत्तर

धाकट्या भावाचं पुस्तक थोरलीने उघडलं ते शिकायची हौस म्हणून नव्हे, सूड उगवण्यासाठी. संगणकाचे प्रोग्रॅम कसे लिहावेत हे सांगणारं जाडजूड पुस्तक, कोपरे दुमडलेलं. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे आकड्यांना भीत नव्हती. तरी सुरुवातीला सगळं डोक्यावरून गेलं. नवरा चिडवायचा, "पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकलंय का?"

"मला पोहायचं नाही. एकाला बुडवायचंय," ती म्हणायची. तो हसायचा आणि तिचा चेहरा पाहून हसणं आवरतं घ्यायचा.

पुस्तकाचं सांगणं साधं होतं. एकच अवाढव्य प्रोग्रॅम लिहू नका, लहान लहान सेवा लिहा. प्रत्येकीने एकच काम करावं. एकीला दुसरीकडून काही हवं असेल तर ठरलेल्या शब्दांत विचारावं, ठरलेल्या शब्दांत उत्तर घ्यावं. पलीकडे कोण बसलंय याची चौकशी करायची नाही. आणि पलीकडची सेवा लिहून झाली नसेल, तर काम अडू नये म्हणून तिच्या जागी तात्पुरती एक नकली सेवा बसवायची. ती काहीही विचारलं तरी एकच उत्तर देते.

तसल्या एका नकली सेवेपायीच धाकटा गेला होता.

त्याची कंपनी एका शीतगृहाच्या दारांचा प्रोग्रॅम बनवत होती. दार बंद करून घेण्याआधी प्रोग्रॅम विचारायचा, आत कोणी आहे का? खरं उत्तर देणारी सेवा तयार नव्हती. नकली सेवा दर वेळी सांगायची, कोणी नाही. साहेब ऐकत नाहीत, तारीख गाठायची म्हणून हेच चालवा म्हणतात, असं धाकट्याने ताईला फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो तपासणीसाठी आत गेला, दार लागलं, आणि आतून उघडायचा दांडा बर्फात घट्ट बसला. चौकशीत साहेबांनी कानांवर हात ठेवले. पोरगा हुशार पण विसराळू, नकली सेवा काढायला तोच विसरला, असं म्हणून सगळं खापर त्याच्यावर फोडलं. फोनवरच्या बोलण्याला पुरावा कोण मानतो? आईने त्यानंतर घरातलं एकही दार लावून घेतलं नाही, न्हाणीघराचंसुद्धा.

थोरलीला साहेबांचा जीव नको होता. 'हेच चालवा' हे धाकट्याला गप्प करून वापरलेलं वाक्य चारचौघांत त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं.

घरी सराव करताना ते पहिल्यांदा घडलं. तिने फक्त विचारणारी सेवा लिहिली होती, उत्तर देणारी लिहायची बाकी होती. चूक दाखवणारा लाल मजकूर येणार हे ठाऊक असूनही तिने सहज चालवून पाहिलं. पडद्यावर आलं, 'आत: एक.' तिने इंटरनेट काढलं, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. दुपारच्या उन्हाने खोली तापली होती, तिची बोटं मात्र गारठली. पुन्हा विचारलं. आत: एक. पुस्तक पालथं घातलं तरी कारण सापडेना. नवऱ्याला ती काही बोलली नाही. भीती वाटली होतीच, पण त्याहून जास्त बरं वाटलं होतं. इतक्या दिवसांनी कोणीतरी तिला उत्तर दिलं होतं.

पुढे ती त्याच कंपनीत लागली. आडनाव सासरचं, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. शीतगृहाची ती अर्धवट सेवा नेमकी तिच्याच वाट्याला आली, कारण बाकीची मंडळी त्या कामाला हात लावायला तयार नव्हती. तिने ती डोळ्यांत तेल घालून लिहिली. जमिनीवरचा भार आणि अंगाची ऊब मोजून ती सेवा माणसं अचूक सांगायची. फक्त धाकटा अडकला त्या एका खोलीत चुकायची. खोली रिकामी असली तरी दाखवायची, एक. कामगारांनी फळ्यांमागे, खोक्यांमागे शोधलं. साहेबांनी तिला धारेवर धरलं. तिने आकडा बदलला नाही.

पाहणीच्या दिवशी जाड चष्म्याच्या सुरक्षा अधिकारी बाई आल्या. दाराशेजारच्या पडद्याकडे पाहून त्यांनी विचारलं, आत कोण आहे? कोणी नाही, आमच्या मॅडम नवीन आहेत, असं म्हणत साहेब हसले आणि थोरलीकडे झुकून कुजबुजले, "ते काढा. नेहमीचं उत्तर बसवा."

"नेहमीचं म्हणजे कुठलं, साहेब? सगळ्यांना ऐकू येईल असं सांगा," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. मीच आत जाऊन दाखवतो म्हणाले, जाड कोट चढवला आणि आत गेले. दार आपल्या वजनाने मिटलं.

आत: दोन.

थोरलीने बाहेरच्या दांड्यावर हात ठेवला, पण ओढला नाही. धाकट्याने किती वेळ हाका मारल्या, हे तिला कधीच कळलं नव्हतं. थोडं यांनाही कळू दे.

आतून काहीच आवाज आला नाही.

"उघडा आता," बाई म्हणाल्या.

तिने दार ओढलं.

साहेब बाहेर आले. ओठ निळे, भुवया पांढऱ्या. उजेडाकडे पाहत ते जरा वेळ उभेच राहिले. दार त्यांच्यामागे मिटलं.

मग ते बाईंना म्हणाले, "नकली सेवा तशीच चालवा, असं मीच सांगितलं होतं. तो मुलगा नको म्हणत होता."

"लेखी द्याल?"

"देतो."

एवढ्याच वाक्यासाठी थोरली जगली होती. पण तिला धड आनंदही होईना, कारण साहेब चालत तिच्यापाशी आले होते. तिला ते कायम मॅडम म्हणत, आणि ती कोणाची बहीण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आई कशी आहे गं?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने पडद्याकडे पाहिलं.

आत: एक.

अपघातानंतर त्या दाराला बाहेरून साधं कुलूपही आलं होतं. रखवालदार किल्ली घेऊन घुटमळला. "मॅडम, अजून एक दाखवतंय. लावू का थांबू?"

तिने दारावर तळहात टेकला. जाड पोलादातून ठोके हाताला लागत होते, घाईघाईचे.

"लावा," ती म्हणाली, आणि साहेबांचा गार हात हातात घेऊन त्यांना उन्हात बसवायला घेऊन गेली.