बंद घराची फाईल जड का होती

हे खरं घडलंय.

थापा मारते तेव्हा मी आधी स्वतःच हसते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हे सांगताना मला हसू येत नाही.

रविवारची दुपार होती. लख्ख ऊन. आणि जागा... आमचाच हॉल.

आमचे हे गेल्यापासून मी एकटी राहते. म्हणून लेकीने हॉलमध्ये कॅमेरा बसवला. टीव्हीखाली रेकॉर्डर. म्हणाली, "आई, हे बंद पडलं तर तुला माझ्याकडेच घेऊन जाणार."

मध्ये तिच्याकडे राहून आले. तेवढे दिवस घराला कुलूप. परत आले आणि थोड्याच दिवसांत रेकॉर्डर पीं-पीं करायला लागला.

डिस्क भरत आली होती.

त्या रविवारी कॅमेरेवाला आला. बघत बसला. मग म्हणाला, "आजी, कुलूप लावून पाहुणे कोंडून गेला होतात का?"

"का रे बाबा?"

"हा डबा आळशी असतो. एकदा पूर्ण चित्र घेतो. मग फक्त काय हललं तेवढंच लिहितो. भिंत हलत नाही, तर भिंत परत लिहीत नाही. म्हणून बंद घराची फाईल पिसासारखी हलकी हवी."

"मग?"

"तुमची लग्नाच्या व्हिडिओएवढी आहे."

त्याने रेकॉर्डिंग लावलं.

हॉल. सोफा. टेबल. कुणीच नाही.

"काहीतरी हलतंय, इतकं बारीक की डोळ्याला दिसत नाही," तो म्हणाला. त्याने एक बटण दाबलं. आता जिथे हलेल तिथे हिरवे चौकोन उमटणार होते.

उमटले...

बेडरूमच्या दाराशी. मग सोफ्यामागे. मग टेबलाला लांबून वळसा.

टेबलाचा कोपरा ह्यांना नेहमी लागायचा. म्हणून हे असेच लांबून जायचे.

चौकोन बाहेरच्या दारापाशी गेले...

आणि थांबले.

"तिथेच आहे," कॅमेरेवाला पुटपुटला. "दिवसच्या दिवस. धुळीमुळे असेल, आजी. नवीन फॉरमॅट टाकतो, म्हणजे लिहायची नवी पद्धत. तो असलं बारीकसारीक सोडून देतो. डिस्क भरणार नाही."

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "टाकून घे ना. नाहीतर बॅग भर."

मी म्हटलं, "जुनी राहू दे, जोडीला मोठी डिस्क बसव. फॉरमॅटला हात लावायचा नाही."

"आजी, उगाच खर्च."

"तू बसव."

काय सांगणार त्याला? कुणीतरी माझी वाट बघत दारात उभं होतं. ते पुसून टाकू?

खरं सांगते, बरं वाटलं मला. कितीतरी दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं.

डिस्क बसवून तो निघाला. मी म्हटलं, "जाता जाता कालचं दाखव. काल मी घरातच होते."

लावलं.

मी सोफ्यावर विणत बसलेली. माझ्या हातांवर हिरवे चौकोन नाचत होते. शेजारची जागा... कोरी.

सोफ्यामागे काही नाही. टेबलापाशी काही नाही.

मग मी स्क्रीनवरच्या दाराकडे बघितलं.

चौकोन तिथेच होते.

कॅमेरेवाल्याने पुढे पळवलं. मी उठले, जेवले, दिवा लावला, पुन्हा बसले. ते जागचे हलले नाहीत.

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. तेव्हापासून सोफ्यावर दाराकडे पाठ करून बसते.

मी तर कधीच घरी आले होते.

मग हे कुणाची वाट बघतायत?

आणि... हेच आहेत ना?