पडद्यात न मावलेली ओळ

ऑफिसात तिला सगळे कात्रीताई म्हणायचे आणि तिला त्याचा चक्क अभिमान होता. टेलिफोनच्या तारेवरून गिऱ्हाइकांच्या पडद्यांवर लेखी बातम्या पाठवणारी नवीकोरी सेवा होती ती. कचेऱ्यांतले पडदे ऐसपैस, पण घरोघरी टीव्हीला जोडलेले पडदे अरुंद. तीच बातमी तिथे गेली की ओळी मोडून मोडून लांबायची आणि शेपूट पडद्याखाली गडप व्हायचं. पुढचं पान उघडायचा लोकांना कंटाळा. म्हणून प्रत्येक बातमी एका पानात कोंबायची, हे हिचं काम. कापायचं ते शेपटाकडून, ही हाताची सवय.

त्या सकाळी बातमी होती वीजघराच्या आगीची. आग विझली होती, सगळे सुखरूप होते. एकेका ओळीत एकेक माणूस: बंबाचा ड्रायव्हर, रखवालदाराची म्हातारी आई, कॅन्टीनची स्वयंपाकीण. आणि शेवटी, ‘सर्वांत शेवटी धाकटा वायरमन हसत शिडीवरून खाली उतरला.’ हा वायरमन म्हणजे हिचाच धाकटा भाऊ, लंबू. नेमकी त्याचीच ओळ मावेना.

“साहेब, आमच्या लंबूला उडवते,” ती शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअरला म्हणाली. “घरचाच आहे. रुसला तर चहा पाजीन.”

“उडवा,” त्याने मानही वर केली नाही. “मोठ्या पडद्यावरही तोच मजकूर जाऊ द्या. दोन-दोन कोण सांभाळत बसणार?”

तिने ओळ पुसली आणि पान पाठवून दिलं. गेलेलं पान पुढच्या आवृत्तीपर्यंत दुरुस्तीसाठी उघडत नसे.

जेवणाच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला. “आई, लंबू आला का गं? हात-बित भाजला नाही ना त्याचा?”

“कोणाचा?”

“अगं, लंबूचा!”

“कुठला लंबू? बरी आहेस ना तू?”

आईला थट्टा कधी जमलीच नव्हती. घर दोन गल्ल्या सोडून. ती धावतच गेली. लंबूच्या खाटेच्या जागी शिवणयंत्र होतं, आणि यंत्राच्या पायांनी फरशीवर जुने, काळपट चट्टे पाडले होते. भिंतीवरच्या फोटोत ती आणि आई, खांद्याला खांदा लावून. मध्ये कोणी उभं राहील एवढी जागाच नव्हती.

“मला तू एकटीच,” आई घाबरून म्हणाली. “असं काय करतेस गं?”

ती तशीच ऑफिसात परतली. दुपारची आवृत्ती निघायच्या बेतात होती.

“साहेब, लंबूची ओळ परत घालायचीय.”

“कोणाची?”

तिने पान उघडलं, ओळ टाइप केली. मावेना. दुसऱ्या कोणाची तरी काढायला हवी होती. बोट स्वयंपाकिणीच्या ओळीवर गेलं. तिला दोन लहान पोरं होती. म्हातारीच्या ओळीवर गेलं. तिथूनही मागे आलं. कोणालाच काढवेना.

मग तिने भावाच्याच ओळीला कात्री लावली. ‘सर्वांत शेवटी’ गेलं. ‘हसत’ गेलं. तरी थोडं बाहेरच.

“अहो, पाठवा! वेळ झाली!” इंजिनिअर ओरडला.

घाईत हात सवयीने शेपटाकडे गेला आणि ‘खाली उतरला’ उडालं. ‘धाकटा वायरमन शिडीवरून’ एवढंच उरलं. अर्थ लागो न लागो, लंबू पडद्यावर आला होता. तिने पान पाठवलं.

फोन वाजला. आई होती.

“अगं, लंबू अजून जेवायला आला नाही!”

हिला रडूच फुटलं. “आई, परत म्हण. लंबू म्हण!”

“रडतेस काय? ऐक. वीजघरातून माणूस आलाय. म्हणतो, लंबू शिडीवरून उतरतच नाहीये. हाक मारली की बघतो नुसता.”

“मग धरून उतरवा म्हणावं ना!”

पलीकडे आई कोणाशी तरी बोलली. परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“शिडी केव्हाच काढून नेलीय म्हणे.”